आईच्या पेटीला लागलेली कसर

पत्र थोडक्यात असं. लिहिणाऱ्या बाई अडतीस वर्षांच्या. घरात त्या, नवरा, सहा वर्षांचा मुलगा आणि एक मांजर. दोन वर्षांपूर्वी त्यांची आई गेली. आईने विणलेले स्वेटर, टोप्या आणि तिची नेहमीच्या वापरातली लोकरी शाल त्यांनी एका पेटीत भरून पलंगाखाली सरकवली. आईचा वास राहावा म्हणून शाल धुतली नाही. शालीवर थोरल्या बहिणीचाही तेवढाच जीव; "सध्या तुझ्याकडे राहू दे, मी आले की बघू," असं म्हणून तिने ती यांच्याकडे ठेवली. पेटी त्यानंतर उघडलीच नाही. गेल्या महिन्यात उघडली, तर शालीला आठ-दहा भोकं, बहुतेक मानेपाशी येणाऱ्या काठाजवळ, आणि तळाशी तपकिरी, केसाळ अळ्या व पोकळ कातींचा चुरा. त्याच सुमारास मुलाच्या मानेवर आणि हातांवर खाजरं पुरळ उठलं. नवऱ्याचं म्हणणं, पेटी आहे तशी जाळून टाकू आणि घरभर औषध मारून घेऊ. फवारा दोनदा मारूनही झाला आहे. खिडकीच्या कट्ट्यावर काही आठवड्यांपासून बारीक ठिपकेदार किडे मरून पडतात, ते आणखी वेगळंच काही मागे लागलं आहे असं बाईंना वाटतं. बहिणीला अजून काही सांगितलेलं नाही. शाल गुपचूप रफू करून घ्यावी असा विचार चालू आहे. शेवटी त्या विचारतात: "मी रोज झाडते, पुसते. तरी माझ्या घरात हे आलं कसं? आईची एक वस्तू मला सांभाळता आली नाही. आता काय करू?"

मैत्रिणी,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्या वाचनात नजर किड्यांवरच राहिली, दुसऱ्या वाचनात ती पेटीवर गेली. दोन्हींबद्दल सविस्तर लिहिते, पण आधी तातडीचं: पेटी जाळू नका आणि तिसऱ्यांदा फवारा मारू नका. शाल वाचण्यासारखी आहे.

तुम्ही तीन संकटं मोजलीत. पेटीतल्या अळ्या, खिडकीतले किडे आणि मुलाचं पुरळ. त्यातली पहिली दोन एकच असावीत. तिसरं कदाचित त्यांच्यामुळेच असेल, पण ते डॉक्टरांनी ठरवायचं आहे.

खिडकीत पडलेला एखादा किडा पांढऱ्या कागदावर घ्या आणि मोबाइलच्या कॅमेऱ्यातून मोठा करून पाहा. २ ते ४ मिलिमीटरचा, म्हणजे टाचणीच्या डोक्याहून जरासा मोठा, गोलसर, पाठीवर पांढऱ्या, पिवळसर आणि तपकिरी खवल्यांची नक्षी असा दिसला तर तो गालिचा-भुंगेरा. जिवंत असेल तर हात लावताच पाय पोटाशी घेऊन मेल्याचं सोंग करेल. आता पेटीतली अळी बघा. ४-५ मिलिमीटर लांब, अंगावर फिकट आणि गडद आडवे पट्टे, सगळीकडे ताठ केस, मागच्या टोकाला केसांचे झुबके. हे त्याच भुंगेऱ्याचं बालपण. याच कुळात एक काळा भुंगेराही असतो. त्याची अळी लांबट, मागे निमुळती होत जाणारी, आणि शेवटी लांब केसांचा कुंचला लावल्यासारखी दिसते. तुमच्या वर्णनावरून तुमच्याकडचा तो वाटत नाही. इतर वाचकांनी मात्र तोही लक्षात ठेवावा, कारण त्याची अळी साठवणीतलं पीठ आणि धान्यही खाते.

आता यातली महत्त्वाची गोष्ट. खिडकीतला भुंगेरा तुमच्या शालीचा एक धागाही खात नाही. त्याचं पोट फुलांच्या परागावर आणि मधावर भरतं. खिडकीकडे तो धावतो तो बाहेर पडायला, आणि मादी असेल तर तोवर बहुतेकदा तिची अंडी घरात घालून झालेली असतात. लोकर खाते ती अळी. अळीला उजेड सोसत नाही; ती अंधारात, घडीत, शिवणीत, फटीत बसून राहते. तुम्ही फवारा मारलात तो दिसणाऱ्या किड्यांवर. ते तसेही काही आठवड्यांचे सोबती होते. खाणाऱ्या अळ्या बंद पेटीत होत्या आणि त्यांच्यापर्यंत त्यातलं काहीच पोचलं नाही. दोनदा फवारूनही उपयोग झाला नाही असं तुम्ही लिहिता, त्याचं कारण एवढंच आहे. औषध कमी पडलं असं समजून जास्त जालीम औषधाकडे वळू नका.

मराठीत आपण कपडे खाणाऱ्या सगळ्याच किड्यांना सरसकट 'कसर' म्हणतो. शब्द सोयीचा आहे, पण त्याच्या पोटात निदान तीन वेगळे प्राणी येतात. चंदेरी, सुळकन पळणारी कसर कागद आणि खळीवर जगते. कपड्यांच्या पतंगाची अळी रेशमासारखा धागा काढते, त्यामुळे तिने खाल्लेल्या जागी जाळी किंवा बारीक नळकांडी दिसतात. भुंगेऱ्याची अळी धागा काढत नाही. तिच्या मागे राहतात त्या केसाळ, पोकळ काती. तुमच्या पेटीत काती आहेत आणि जाळीचा उल्लेख तुम्ही केलेला नाही, म्हणून मी भुंगेऱ्यावर बोट ठेवते आहे.

त्या कातींचा ढीग बघून तुमचा धीर सुटला, हे पत्रात कळतं. पण एकच अळी वाढताना पुष्कळदा कात टाकते. ढीग म्हणजे तेवढ्या अळ्या नव्हेत. ठिपकेदार जातीची मादी चाळीसेक अंडी घालते, आणि पेटीतला सगळा चुरा एखाद-दुसऱ्या मादीच्या पिल्लांचाही असू शकतो.

तुमच्या खऱ्या प्रश्नाकडे येते. हे घरात आलं कसं, आणि घर घाण आहे का?

नाही, मैत्रिणी. तुम्ही झाडता, पुसता, ते झुरळांच्या आणि मुंग्यांच्या बाबतीत उपयोगाचं आहे. या किड्याचा हिशेब वेगळा. त्याच्या अळीला केराटिन पचवता येतं, म्हणजे लोकर, केस, पिसं, नखं, खवले ज्या प्रथिनाचे बनतात ते. फार थोड्या प्राण्यांना हे जमतं. निसर्गात या अळ्या पक्ष्यांच्या घरट्यात गळलेल्या पिसांवर, कोळिष्टकात अडकून वाळलेल्या किड्यांवर, मेलेल्या प्राण्याच्या सुकलेल्या कातड्यावर जगतात. इतर कोणी न खाणाऱ्या गोष्टी संपवण्याचं काम त्या करतात. प्राणिशास्त्राच्या संग्रहालयांत सांगाडे स्वच्छ करायला याच कुळातले दुसरे भुंगेरे मुद्दाम पाळतात. आपलं घर त्यांच्या दृष्टीने एक मोठं, कोरडं, सुरक्षित घरटं आहे. मांजराचे केस पलंगाच्या पायापाशी गोळा होतात, आपल्या डोक्याचे केस कपाटाखाली जातात, त्वचेचा कोंडा गादीच्या कडेला साचतो, दिव्याच्या झाकणात किडे मरून पडतात. रोजच्या झाडूच्या वाटेत यातलं काहीच येत नाही. म्हणून घर स्वच्छ की अस्वच्छ, हा प्रश्नच बाजूला ठेवा. कुठली जागा वर्षानुवर्षं हललेली नाही, हे विचारा.

संग्रहालयांचं उदाहरण तुम्हाला धीर देईल. तिथली माणसं वस्तू सांभाळण्याचंच शिक्षण घेतात, तरी हा किडा त्यांनाही चुकलेला नाही. सजीवांना शास्त्रीय नावं देण्याची पद्धत रुजवणाऱ्या लिनियस या शास्त्रज्ञाने १७६१ मध्ये याच्या एका जातीला नाव दिलं त्याचा अर्थच 'संग्रहालयांचा' असा होतो: अँथ्रेनस म्युझिओरम. अडीचशे वर्षांहून जास्त काळ ही झुंज चालू आहे आणि आज तिथे भर असतो तो पाहणीवर: चिकट सापळे ठेवायचे, ठरल्या दिवशी वस्तू उघडून बघायची, शंका आली की ती बाजूला काढून गोठवायची. एवढ्या जाणत्या जागी जे घडतं ते तुमच्या पलंगाखाली घडलं, यात तुमची हयगय शोधू नका.

शिवाय हे गेल्या महिन्यातलं नाही. या अळ्यांचं आयुष्य लांब असतं. अनुकूल परिस्थितीत काही महिने, एरवी वर्ष, दोन वर्षं, कधी त्याहूनही जास्त. ठिपकेदार जातीच्या अळीत तर वर्षभराच्या लांबीचं एक आतलं घड्याळ असल्याचं दिसून आलं आहे. प्रयोगशाळेत उजेड आणि तापमान वर्षभर एकसारखं ठेवलं तरी कोषात जाण्याची तिची वेळ त्या घड्याळावरच ठरते, आणि या खेपेची वेळ हुकली तर ती पुढच्या वर्षापर्यंत थांबते. मला हे वाचून थक्क व्हायला झालं होतं. तुमच्यासाठी याचा अर्थ असा की शालीला पहिलं भोक पडलं तेव्हा तुम्ही अजून आईच्या जाण्यातून सावरतही नसाल. दुसरा अर्थ असा की पुढच्या मोसमात खिडकीत चार-दोन भुंगेरे पुन्हा दिसले, तर सगळं फसलं असं समजू नका. ते मागच्या शिलकीतले असू शकतात.

आता मुलाबद्दल. या किड्यांमुळे पुरळ उठू शकतं, पण चावल्यामुळे नाही. ते रक्त पीत नाहीत, माणसाला चावत नाहीत, रोगही पसरवत नाहीत. अळीच्या मागच्या झुबक्यांतले केस भाल्याच्या टोकासारखे असतात आणि सहज सुटून येतात. शत्रूच्या तोंडात आणि पायात अडकावेत म्हणून ती सोय आहे. तेच केस काही माणसांच्या त्वचेला लागले की खाज, लाल पुळ्या, कधी शिंका आणि डोळ्यांची चुरचुर होते. तुम्ही पेटी उघडून झटकलीत, आणि मुलगा त्याच पलंगावर झोपतो, असं लिहिलंत. तेव्हा हे शक्य आहे. पण दोनदा मारलेल्या फवाऱ्यानेही पुरळ उठू शकतं, आणि दुसरीही दहा कारणं असतात. मुलाला त्वचेच्या डॉक्टरांकडे न्या, पारदर्शक चिकटपट्टीवर एक अळी चिकटवून सोबत न्या, कुठलं औषध फवारलं त्याचा डबाही न्या. श्वास लागला किंवा ओठ-डोळे सुजले, तर वाट न पाहता तातडीने न्या. त्याची चादर, उशीची खोळ आणि पांघरूण ६० अंश सेल्सियसच्या पाण्यात धुऊन घ्या.

आणि एकदा गादीच्या शिवणी नीट बघा. ढेकूण असतील तर तिथे शाईच्या ठिपक्यांसारखे काळे डाग, रक्ताचे पुसट डाग, चपटे तांबूस किडे सापडतात. ढेकणांच्या अंगावर असे झुबके नसतात. मी हे आवर्जून सांगते, कारण माझ्या घरी मी उलटी चूक केली होती. गादीवर केसाळ अळी दिसली, अंगाला खाज येत होती, आणि मी तिला ढेकणाचं पिल्लू समजले. चांगली गादी फेकून दिली, नवी आणली. महिन्याभरात नवीन गादीखाली तीच अळी. मग कोणीतरी वर बघायला सांगितलं. खिडकीच्या वरच्या झरोक्यात कबुतरांनी सोडून दिलेलं जुनं घरटं होतं, पिसांनी आणि घाणीने भरलेलं, आणि त्यात अळ्या वळवळत होत्या. गादीचा काहीच दोष नव्हता. घरटं काढून झरोक्याला जाळी लावली, तेव्हा कुठे थांबलं.

म्हणून तुमच्याकडेही पेटीला मूळ धरू नका. पेटी ही त्यांना सापडलेली सगळ्यात चांगली पंगत असेल, पण मूळ दुसरीकडे असू शकतं. पलंग सरकवा. गादीखालच्या फळ्यांच्या फटी, कपाटाची मागची बाजू, भिंत आणि फरशीच्या मधली पट्टी, मांजर जिथे झोपतं ती जागा, दिव्यांची झाकणं, खिडकीवरचे झरोके, माळा, सगळीकडे विजेरी घेऊन बघा. भिंतीवर किंवा काचेच्या चौकटीत वाळलेलं पिसांचं काही, मेलेला पक्षी, सोडलेलं गांधीलमाशीचं पोळं, उंदीर मेल्याचा जुना वास, असं काही आठवतंय का ते घरच्यांना विचारा. घरटं सापडलं तर त्यात पिल्लं किंवा अंडी नाहीत याची आधी खात्री करा, तोंडाला मास्क लावा, हातमोजे घाला आणि मगच काढा.

सगळ्यात परिणामकारक हत्यार व्हॅक्यूम क्लीनर आहे. ऐकायला फारच साधं वाटतं, मला माहीत आहे. पण तो केस, कोंडा, अंडी, अळ्या आणि मेलेले किडे एकदमच उचलतो, म्हणजे किडाही जातो आणि त्याचं खाणंही जातं. फटींसाठीचं अरुंद तोंड लावा, आठवड्यातून एकदा कडा आणि पलंगाखालची जागा घ्या, आणि आतली पिशवी लगेच घट्ट बांधून घराबाहेर टाका. निदान दोन-तीन महिने हा क्रम सोडू नका. व्हॅक्यूम नसेल तर ओलसर फडक्याने कडा पुसा. कोरड्या झाडूने तेच केस हवेत उडतात.

आता पेटी. तिला मोठ्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून गच्चीत किंवा अंगणात न्या, जमिनीवर पांढरी चादर पसरा आणि दिवसाउजेडी एकेक वस्तू बाहेर काढा. मुलाला आणि मांजराला त्या वेळी लांब ठेवा. तुम्ही म्हणता काही स्वेटरांना एकही भोक नाही. ते बहुधा कृत्रिम लोकरीचे असतील. त्या धाग्यात या अळीला खायला काही नसतं. ते साधे धुऊन ठेवले की झालं. सुती कपडेही सहसा सुटतात, मात्र घामाचे, तेलाचे, सांडलेल्या कशाचे डाग असतील तर अळी तेवढी जागा कुरतडते. खरी लोकर, रेशीम, पिसं, चामडं एवढंच वेगळं काढा.

शालीसाठी मी गोठवणं सुचवेन. गरम पाण्यात लोकर आटते. ड्रायक्लीनिंगने अळ्या आणि अंडी मरतात, पण तुम्ही शाल आजवर का धुतली नाहीत ते मला विसरता येत नाही. गोठवण्यात पाणी नाही, साबण नाही. शाल सैल घडी करून स्वच्छ प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा, हवा दाबून काढा, पिशवी चिकटपट्टीने बंद करा, वरून दुसरी पिशवी घाला. फ्रीजर उणे १८ अंशांवर आहे ना, ते साध्या तापमापकाने तपासा. या तापमानात दोन आठवडे. मधे बाहेर काढून बघायचं नाही. दोन आठवड्यांनी पिशवी बाहेर काढली की न उघडता पूर्ण एक दिवस तशीच राहू द्या, नाहीतर थंड लोकरीवर बाहेरच्या हवेतला ओलावा धरतो. नंतर घराबाहेर मऊ ब्रशने हलक्या हाताने झटका, मास्क लावून, कारण मेलेल्या अळीचेही केस खाजवतात. मांजराचे केस नसलेला ब्रश घ्या. उन्हात घालणं चांगलं, अळ्या उजेडाने पळतात आणि झटकल्यावर पडतात, पण घडीत खोल बसलेली अंडी उन्हाने मरतीलच असं नाही आणि रंग मात्र उडतो. एकट्या उन्हावर विसंबू नका.

डांबरगोळ्यांबद्दल विचारलं नाहीत, पण बहुतेक वाचक विचारतातच. त्यांची वाफ घट्ट बंद डब्यात साचली तरच किड्यांवर परिणाम होतो. उघडझाप होणाऱ्या कपाटात टाकलेल्या गोळ्यांनी किडे मरत नाहीत. ती वाफ घरातली माणसं घेत राहतात. नॅफ्थलिनच्या गोळ्या लहान मूल तोंडात घालू शकतं, आणि ज्यांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी या विकराची जन्मजात कमतरता असते त्यांच्या लाल पेशी त्याने फुटू शकतात. सहा वर्षांचं मूल आणि मांजर असलेल्या घरात मी त्या ठेवणार नाही. आणि शालीला नंतर फक्त त्यांचाच वास येईल. सुवासिक लाकडाचे तुकडे, वासाच्या पुड्या ठेवायला हरकत नाही, पण त्यांच्या भरवशावर झाकण लावून मोकळं होऊ नका.

तुमच्या नवऱ्याची मला बाजू घ्यायची आहे. 'जाळून टाकू' हे त्यांनी मुलाचं अंग बघून म्हटलं असणार. त्यांना निर्दय समजू नका. त्यांना एवढंच दाखवा की पेटी जाळली आणि मूळ झरोक्यात राहिलं तर काहीच साधत नाही, आणि घरभर धूर किंवा फवारा केला तरी तो गादीच्या शिवणीत आणि फळ्यांच्या फटीत जेमतेम पोचतो. परमेथ्रिन नावाचं औषध या कामी वापरतात, ते मांजरांना घातक असतं, हे तर त्यांना नक्की सांगा. फर्निचर सरकवणं, झरोका तपासणं, दर आठवड्याचा व्हॅक्यूम, ही कामं त्यांच्याकडे सोपवा. काहीतरी करायला मिळालं की माणसाची घाई कमी होते. खिडकीत आणि पलंगाखाली चिकट सापळे ठेवा आणि सापडलेल्या किड्यांची संख्या तारीख घालून वहीत लिहा. दोन-तीन महिने नेटाने करूनही अनेक खोल्यांत अळ्या सापडत राहिल्या, किंवा मूळ भिंतीच्या आत, हात न पोचणाऱ्या जागी असेल, तर जरूर व्यावसायिकांना बोलवा. त्यांना आधी विचारा: किडा कोणता ओळखलात, औषध नेमकं कुठे मारणार, मूल आणि मांजर किती वेळ बाहेर ठेवायचं? याची नीट उत्तरं न देता थेट फवारणीची वेळ ठरवणाऱ्याला परत पाठवा.

आता जे मला दुसऱ्या वाचनात दिसलं. भोकं मानेपाशी येणाऱ्या काठाजवळ आहेत, असं तुम्ही लिहिलंत. ही अळी साध्या लोकरीपेक्षा घाम, त्वचेचं तेल, केस लागलेली लोकर आधी निवडते. आई शाल जिथे गळ्याशी धरत असे तिथेच तिने खाल्लं. तुम्ही ज्याच्यासाठी शाल धुतली नाहीत, त्याच्याच मागावर ती आली. हे लिहिताना मला जड जातंय, पण यात तुमची चूक शोधू नका. वास सांभाळायचा होता तो तुम्ही सांभाळलात. फक्त सांभाळणं म्हणजे झाकण लावणं, असं तुम्ही धरून चाललात. पेटी दोन वर्षं उघडली नाही ती कामाच्या गडबडीत राहून गेली असेल, किंवा उघडवली नसेल. दुसरं असेल तर ते मला अगदी समजतं. पण यापुढे शाल न धुता ठेवायची असेल, तर तिला वर्षातून दोनदा तरी बाहेर काढावं लागेल. घट्ट झाकणाच्या डब्यात किंवा बंद पिशवीत ठेवा, बाहेरून दिसेल अशी, आणि दिवस ठरवून उघडा, उजेडात घड्या उलगडून बघा, वेगळी घडी घाला. शंका आली तर पुन्हा दोन आठवडे फ्रीजर. बाकीचे खऱ्या लोकरीचे स्वेटर मात्र धुऊनच ठेवा. सगळ्यांत वास अडकवून ठेवायची गरज नाही.

राहिली ताई. गुपचूप रफू करून घेण्याचा विचार मी उलटसुलट करून पाहिला. त्यात एक माया आहे. तिला दुःख नको, असं तुम्हाला वाटतं. पण चांगला रफू करणाराही आठ-दहा भोकं अशी बुजवू शकत नाही की रोज ती शाल पाहिलेल्या मुलीच्या बोटांना कळणार नाही. एखाद्या दिवशी तिचा हात तिथे थांबेल, आणि मग भोकांपेक्षा तुमचं न सांगणं तिला जास्त लागेल. दुसरं म्हणजे, त्या भोकांचं काय करायचं हा निर्णय तुमच्या एकटीचा नाही. दिसणार नाही असा रफू, की दुसऱ्या रंगाच्या लोकरीने मुद्दाम दिसेल असा? भोकांचा काठ काढून उरलेल्या शालीच्या दोन लहान शाली? की काहीच न करता आहे तशी? यात ताईचा शब्द हवा. आधी शिवून मोकळ्या झालात, तर तिला सांगायला फक्त वाईट बातमी उरेल.

रफू गोठवण्याच्या आधी करायचा नाही, याला एक व्यावहारिक कारणही आहे. जिवंत अळ्यांसकट शाल रफूवाल्याकडे गेली तर त्याच्याकडच्या इतरांच्या वस्तूंनाही कसर लागेल.

तेव्हा शाल पिशवीत बंद करून फ्रीजरमध्ये ठेवाल त्याच दिवशी ताईला फोन करा. मजकूर लांबवू नका. "ताई, आईच्या शालीला कसर लागली. मी पेटी दोन वर्षं उघडली नव्हती. आता ती गोठवायला ठेवली आहे, अळ्या मरतील, वास जाणार नाही. भोकांचं काय करायचं ते मला एकटीला ठरवायचं नाही." एवढं पुरे. ती रागावेल, कदाचित रडेल. ऐकून घ्या, आणि खुलासे देत बसू नका. पेटी तिनेही दोन वर्षांत मागितली नव्हती. तिचं तिला आठवेल. तुम्ही आठवण करून देऊ नका.

तुमच्याकडे दोन आठवडे आणि एक दिवस आहे. तेवढ्यात तिला येता आलं तर पिशवी तिच्यासमोर उघडा, आणि शाल आधी तिच्या हातात द्या.